पंचाहत्तर फिल्सचा रुपया

अर्दियाचे दोन तुकडे आहेत. एका तुकड्यात कुवेती कुटुंबांचे तीन-तीन मजली बंगले, जमियाचं म्हणजे सहकारी सोसायटीचं दुकान, शाळा, मशिदी. दुसऱ्याला सगळे हिरफिया म्हणतात : गाड्यांची गॅरेजं, वेल्डिंगवाले, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारे, सुतार. मी या दुसऱ्या तुकड्यातल्या एका गॅरेजचे हिशेब ठेवतो. गाव संगमेश्वर तालुक्यात, अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, इथला. आमच्याकडे डेंटर मल्याळी, पेंटर बांगलादेशी, हेल्पर नेपाळी आणि फोरमन इजिप्तचा. पगार हातात पडला की चौघंही आधी मोबाइलवर आपापल्या देशाचा भाव बघतात, मग जेवायला जातात.

मालकाच्या वडिलांना आम्ही हज्जी म्हणतो. नव्वदीकडे झुकलेत. लहानपणी काही वर्षं ते वडिलांबरोबर मुंबईत होते, त्यामुळे माझ्याशी भेंडीबाजारातल्या जुन्या हिंदीत बोलतात. गॅरेजमध्ये आले की विचारतात, "रुपया कितने का?" मी सांगतो. मग ते सांगतात की त्यांच्या तरुणपणी रुपया पंचाहत्तर फिल्सचा होता. हजार फिल्सचा एक दिनार. आज एका दिनाराला पावणेतीनशेहून जास्त रुपये मिळतात, म्हणजे रुपया साडेतीन फिल्सच्या आसपास आला. म्हातारा चेष्टा करतो की हळहळतो ते मला कधी कळलं नाही. पण आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधायची हिशेबनिसाला खोडच असते, आणि या आकड्याचा माग काढत गेलं की तो कुवेतमध्ये सुरू होतच नाही. तो मुंबईत सुरू होतो.

१८९९ साली कुवेतचे शेख मुबारक यांनी इंग्रजांशी गुप्त करार केला. इंग्रजांना विचारल्याशिवाय जमिनीचा तुकडाही कोणाला द्यायचा नाही, परक्या सत्तेचा वकील ठेवून घ्यायचा नाही. बदल्यात शेखांना मिळाले पंधरा हजार रुपये. पौंड नाहीत, तुर्की लिरा नाहीत, रुपये. आखाताचा सगळा इंग्रजी कारभार हिंदुस्थानातून चालायचा. आधी मुंबई सरकारकडून, पुढे कलकत्त्याहून. कुवेतमध्ये पोस्ट निघालं ते हिंदुस्थानचं, आणि १९२३पासून त्यावर जी तिकिटं चालली ती राजाच्या चेहऱ्याची हिंदुस्थानी तिकिटंच होती, वर फक्त कुवेत असं छापलेलं. बाजारात रुपया, आणा, पै. कुवेतची लाकडी बूम जहाजं बसऱ्याचा खजूर भरून कराची, मुंबई, कालिकतला यायची आणि परतताना मलबारचं सागवान, काथ्याचे दोर, तांदूळ, मसाले, कापड न्यायची. ज्या जहाजातून हे सगळं जायचं त्याचं लाकूडसुद्धा मलबारचंच असायचं.

आणि मोती. उन्हाळ्याचे चार महिने कुवेतची निम्मी तरणी माणसं समुद्रात असायची. नाकात चिमटा, पायाला दगड, कमरेला दोरी. पण मोत्याला भाव मिळायचा तो मुंबईत. तिथे मोती चाळले जायचे, त्यांना भोकं पाडली जायची, रेशमात ओवले जायचे आणि पुढे पॅरिसला जायचे. पैसा उलट्या दिशेने यायचा : मुंबईच्या सावकाराकडून आखाती व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून नाखव्याकडे, आणि नाखव्याकडून उचल म्हणून पाणबुड्याकडे. हंगामाच्या शेवटी हिशेब व्हायचा तेव्हा पाणबुड्याच्या नावावर बहुधा कर्जच निघायचं. ते पुढच्या वर्षावर जायचं, तो मेला तर मुलावर. हज्जींचे आजोबा नाखवा होते. त्यांच्या वह्या हज्जींनी पाहिल्या आहेत. मी विचारलं, किती लोकांचं कर्ज फिटलेलं दिसलं? ते म्हणाले, "वह्या आमच्या घरात होत्या, त्यांच्या नाही." एवढंच. पुढे काही बोलले नाहीत, मीही उकरलं नाही. मी ज्या वहीत लोकांची उचल लिहितो ती मालकाच्या टेबलावर असते.

इथे मुंबईचा फार अभिमान बाळगायचं कारण नाही. रुपया मुंबईचा असला तरी त्याचा दोर लंडनच्या हातात होता. १९२७मध्ये रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा बांधला गेला. मुंबईचे गिरणीमालक एक शिलिंग चार पेन्ससाठी भांडत होते, कारण महाग रुपयामुळे बाहेरचं कापड स्वस्त पडत होतं. त्यांचं कोणी ऐकलं नाही. जिथे मुंबईच्या शेटजींना विचारलं नाही, तिथे कुवेतच्या पाणबुड्याला कोण विचारणार? त्याची मजुरीही त्याच रुपयात होती. दोन-तीन वर्षांत जागतिक मंदी आली, श्रीमंत बायकांनी मोती घेणं थांबवलं, आणि जपानमधून मिकिमोतोचे संवर्धित मोती बाजारात भरभरून यायला लागले. आखाताचा सगळ्यात मोठा धंदा एका पिढीत झोपला.

त्या उपाशी कुवेतने १९३४च्या डिसेंबरात तेलाचा करार केला. एका बाजूला शेख अहमद, दुसऱ्या बाजूला अँग्लो-पर्शियन आणि अमेरिकेची गल्फ ऑइल यांनी निम्मं-निम्मं भांडवल घालून काढलेली कुवेत ऑइल कंपनी. मुदत ७५ वर्षं. सहीच्या वेळी चार लाख पंचाहत्तर हजार रुपये, आणि तेल निघाल्यावर टनामागे तीन रुपये. टनामागे तीन रुपये! मी हा आकडा आमच्या फोरमनला सांगितला तेव्हा तो इतका हसला की त्याच्या हातातला पाना पडला. १९३८मध्ये बुर्गानला तेल लागलं, मध्ये दुसरं महायुद्ध आलं, आणि पहिलं जहाज भरून गेलं ते १९४६मध्ये. नफ्याची निम्मी वाटणी मिळायला १९५१ उजाडलं, तीही इराणने आपलं तेल ताब्यात घेतल्याचा धसका कंपन्यांनी घेतला होता म्हणून.

कुवेतमध्ये एक गोष्ट अजून सांगितली जाते. इथे तेव्हा एकच बँक होती, इंग्रजांची. एका मोठ्या व्यापाऱ्याने दहा हजार रुपये कर्ज मागितलं तर बँकेने त्याच्याकडे जामीनदार मागितला. तो अपमान व्यापाऱ्यांना लागला आणि १९५२मध्ये त्यांनी नॅशनल बँक ऑफ कुवेत काढली. दिनार अजून जन्मालाच आला नव्हता, त्यामुळे कुवेतच्या स्वतःच्या पहिल्या बँकेचा कारभारही रुपयातच सुरू झाला.

रुपयाला इथून हाकललं ते कुवेतने नव्हे, सोन्याने. लंडनला सोनं औंसाला ३५ डॉलर, मुंबईत त्याच्या जवळजवळ दुप्पट, कारण भारतात सोनं आणायला बंदी. मग दहा तोळ्यांची बिस्किटं आखातातून गलबतांवर चढायची आणि रात्री गुजरात-कोकणच्या किनाऱ्याला लागायची. आमच्याकडच्या जुन्या खारव्यांना याच्या गोष्टी विचारल्या तर आधी ते दरवाजा लावून घेतात. सोन्याची किंमत रुपयांच्या नोटांत, आणि त्या नोटा आखातात परत. तिथे रुपया कायदेशीर चलन होतं, म्हणून त्या बँकेत जायच्या आणि बँक त्या रिझर्व्ह बँकेला दाखवून पौंड मागायची. मुंबईच्या लग्नातल्या पाटल्यांसाठी दिल्लीच्या तिजोरीतले पौंड चालले होते. तिजोरीही आधीच रिकामी होत आलेली. महायुद्धात इंग्लंडने भारताकडून माल उचलून जे स्टर्लिंगचं देणं साठवलं होतं, ते दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रखरेदीत उडालं होतं आणि १९५८मध्ये भारताला मदत द्यायला जागतिक बँकेने सावकार देशांची मंडळी जमवली होती.

म्हणून १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. रंग वेगळे, क्रमांकाआधी झेड अक्षर, आणि भारतात चालणार नाहीत. दहाची नोट लाल होती. हज्जींकडे तशी एक आहे, जपून ठेवलेली. आज जुन्या नोटा जमवणारे तिच्यासाठी दहाच्या कितीतरी पट मोजतात. इलाज हुशारीचा होता, पण आखाताने त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. जो देश आपल्याच नोटेवर वेगळा शिक्का मारतो त्याचा खिसा फाटका आहे. १ एप्रिल १९६१ला कुवेतने दिनार काढला, एक दिनार म्हणजे एक पौंड. रुपयाचा भाव पडला १३ रुपये ५ आणे ४ पैला एक दिनार. म्हणजे रुपयाला बरोबर पंचाहत्तर फिल्स. अडीच महिन्यांनी, १९ जूनला, कुवेत स्वतंत्र झालं. परत आलेल्या नोटांचे पैसे भारताने परकीय चलनात चुकवले.

शेजाऱ्यांनी आणखी काही वर्षं रुपया ओढला. मग ६ जून १९६६ आला. दोन युद्धं, दुष्काळ, पीएल ४८०च्या अमेरिकन गव्हावर चाललेला देश आणि मदत हवी तर रुपया उतरवा असा जागतिक बँकेचा आणि अमेरिकेचा रेटा. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० झाला. ज्या शेखांच्या प्रदेशांत अजून रुपया चालत होता, तिथे लोकांच्या हंड्यात आणि ट्रंकांत ठेवलेल्या पैशाची किंमत एका रात्रीत एक तृतीयांशाहून जास्त घटली. दिल्लीने केलेल्या गोष्टीची झळ कतारच्या कोळ्याला. आम्हाला पाश्चात्त्यांनी लुटलं हे आम्ही शाळेत शिकतो, आणि ते खरंच आहे; पण आमच्याही नोटेच्या सावलीत कोणी तरी बसलं होतं आणि आम्ही छत्री मिटली तेव्हा त्याला सांगितलं नाही, हे कुठल्या धड्यात नसतं. त्या शेखांनीही रुपया सोडला. कुवेत मात्र सुटलं होतं. त्या दिवशी दिनार १३ रुपयांवरून २१ रुपयांवर गेला. भावाचा काटा उलटा फिरायला लागला तो तेव्हापासून, आणि अजून थांबलेला नाही.

१९७३ तर सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबरात तेलवाल्या देशांची बैठक इथेच, कुवेत शहरात भरली, आणि बॅरलचा जाहीर भाव तिथे एका फटक्यात ७० टक्क्यांनी चढून ५.११ डॉलर झाला, जानेवारीत ११.६५. श्रीमंत देशांना धडा शिकवायला उचललेली काठी होती ती. महाराष्ट्र तेव्हा ७२च्या दुष्काळातून नुकता उठत होता. रॉकेलची रांग, रेशनवरचा लाल मिलो, एसटीचं भाडं. अमेरिकेने पेट्रोलच्या रांगा काही महिन्यांत मागे टाकल्या. ज्यांच्याकडे डॉलर छापायचं यंत्र नव्हतं त्यांनी तेलासाठी कर्ज काढलं. कुवेतला याची लाज वाटली असं म्हणत नाही, पण आपल्या विकासनिधीची दारं त्यांनी पुढच्याच वर्षी अरबांपलीकडच्या गरीब देशांसाठी उघडली. तेलात गेलेल्या पैशातले काही व्याजाने परत मिळायला लागले.

आणि माणसं इकडे यायला लागली. माझे काका परळच्या गिरणीत होते. जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, तो कधी संपला हे कोणालाच धड सांगता येत नाही. वर्षभर गावी बसून काकांनी भेंडीबाजारातल्या एजंटाला पैसे भरले आणि ते कुवेतला ट्रक चालवायला आले. गिरणगावातून कोकणात आणि कोकणातून आखातात अशी वाट त्या दोन-चार वर्षांत फार जणांनी धरली. हिंदू-मुसलमान दोन्ही वाड्यांतून. मुसलमान मोहल्ले आधीपासून जहाजांवर होते, त्यांना वाट माहीत होती. आम्ही त्यांच्या मागून.

काकांच्या काळात कुवेत किती मोठं झालं होतं, याचा एकच दाखला पुरे. १९८७च्या ऑक्टोबरात जगभर शेअर कोसळले तेव्हा इंग्लंड सरकार बीपीमधला आपला हिस्सा विकत होतं. कुवेतच्या लंडनच्या कचेरीने तो उचलायला सुरुवात केली आणि २१.६ टक्क्यांपर्यंत मजल मारली. बीपी म्हणजे तीच अँग्लो-पर्शियन, टनाला तीन रुपये देणारी. थॅचरबाईंचं सरकार खुल्या बाजाराचे पाठ जगाला देत होतं, पण हे पाहून दचकलं आणि कुवेतला हिस्सा ९.९ टक्क्यांवर आणायला लावला. पैसा असला तरी टेबलाशी कुठल्या खुर्चीत बसायचं हे दुसरा ठरवतो, हे कुवेतलाही कळलं. तीन वर्षांनी इराकच्या सद्दामने आणखी वाईट तऱ्हेने कळवलं.

२ ऑगस्ट १९९०. इराकची फौज कुवेतमध्ये घुसली. काका बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनला पोचले. वाळवंटातल्या छावणीत काही दिवस, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या विमानांनी दोन महिन्यांत लाखावर लोक आणले. काकांच्या खिशातल्या दिनाराच्या नोटा, जगातल्या सगळ्यात महाग नोटा, अम्मानमध्ये कोणी चहाच्या बदल्यातही घेईना. मी तेव्हा बारावी होऊन देवरुखला कॉलेजात होतो. घरी येणारा ड्राफ्ट बंद झाला.

तेच देशभर झालं. तेल महाग, आखाताचे ड्राफ्ट बंद, बाहेरचे सावकार पाय मागे घेणारे. १९९१च्या मध्यावर भारताकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. मे महिन्यात स्टेट बँकेने २० टन सोनं स्विस बँकेला दिलं, जुलैत रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन विमानाने लंडनला गहाण ठेवायला पाठवलं. लोकांना लाज वाटली ती त्या ४७ टनांची. मला त्या २० टनांचं जास्त वाटतं. ते सरकारी तिजोरीत जप्तीचं सोनं होतं, तस्करांकडून पकडलेलं. म्हणजे ज्या बिस्किटांपायी रुपया आखातातून उखडला, त्यांच्याच जातीची बिस्किटं तीस वर्षांनी रुपयाची अब्रू राखायला बाहेर काढली. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपया दोनदा उतरवला, आणि नाणेनिधीच्या अटींवर देशाची दारं उघडली. पुढचं सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यात काहींचं भलं झालं, माझंही.

काकांना पुढे भरपाई मिळाली. संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात आयोग बसवला होता. कुवेत सोडून पळावं लागलेल्या माणसाला ठरावीक रक्कम, दोन हप्त्यांत. काकांना चार हजार डॉलर आले. त्यात त्यांनी कुडाच्या घराच्या जागी चिऱ्याचं घर बांधलं. हे पैसे इराकच्या तेलातून कापले जात होते, ज्या इराकमध्ये तेव्हा निर्बंधांमुळे औषधं मिळत नव्हती. इराक एकूण ५२.४ अब्ज डॉलर फेडून २०२२च्या सुरुवातीला मोकळा झाला. तोवर सद्दामला फाशी होऊन पंधरा वर्षं उलटली होती. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मग काय परत करू?" परत करायचा प्रश्नच नव्हता. पण त्या घराच्या चिऱ्यांत बसऱ्याच्या कुठल्या तरी बाईचं औषध आहे, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मी इथे आलो काकांच्याच ओळखीने. २००७मध्ये कुवेतने दिनार डॉलरपासून सोडवून पुन्हा अनेक चलनांच्या गाठोड्याला बांधला, कारण डॉलर घसरत होता आणि महागाई आयात होत होती. छोट्या देशाला अशी गाठ सोडता येते, कारण त्याच्या खाली तेल आहे. ऑगस्ट २०१३मध्ये रुपया डॉलरला ६८च्या पुढे गेला, दिनार २४०च्या आसपास, तेव्हा अब्बासिया भागातल्या एक्स्चेंजसमोरच्या रांगा रस्त्यावर आल्या. आमच्या डेंटरने इथल्या बँकेतून कर्ज काढून घरी पैसे पाठवले. सगळा हिरफिया खूष होता. देश गाळात चाललाय अशा बातम्या टीव्हीवर, आणि आम्ही मिठाई वाटतोय. मीही वाटली. घरच्या आंब्याच्या कलमांभोवतीचं कुंपण त्या महिन्यात झालं.

आमचा इजिप्शियन फोरमन यात शहाणा आहे. नोव्हेंबर २०१६मध्ये नाणेनिधीच्या कर्जासाठी त्यांचा पौंड मोकळा सोडला आणि तो निम्म्यावर आला. मार्च २०२४मध्ये पुन्हा, डॉलरला ३१वरून ५०च्या घरात. पहिल्या वेळी तोही नाचला होता. दुसऱ्या वेळी त्याने मला बसवून हिशेब मांडून दाखवला : त्याचा देश गहू बाहेरून आणतो, बायको दुकानात जाते तेव्हा दिनाराचा फायदा तेलात, डाळीत, मुलांच्या शिकवणीत जिरतो, आणि ज्याचा मुलगा आखातात नाही त्या शेजाऱ्याच्या घरात तर मांस शिजणं बंद झालं. "आपण वर जात नाही," तो म्हणाला, "खालचे आणखी खाली जातात, म्हणून आपण वर दिसतो." मी त्याला विचारलं, मग पैसे पाठवायचं थांबवतोस का? तो म्हणाला, वेडा आहेस का, आजच पाठवले.

माझा मुलगा कुवेतला आला नाही. तो पुण्यात हिंजवडीला संगणक कंपनीत आहे. पगार रुपयात, पण कंपनीचं बिल डॉलरात. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "बाबा, रुपया पडतोय, आमचं क्वार्टर चांगलं जाणार." त्याच्या फ्लॅटच्या हप्त्यातला अर्धा मी इथून भरतो, त्यामुळे मलाही ते गोडच लागलं. त्याची आई मागून ओरडली, की दोघं एवढे खूष आहात तर सिलिंडरचे पैसे आता तुम्हीच द्या, आणि तो गॅस कुठून येतो तेही एकदा सांगा. मी तिला खरं सांगितलं : बराचसा इकडूनच.